प्रोजेक्टच्या तासाला कोणतं मूल वर्गात नसतं?

२०२२ च्या मे महिन्यात आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या (डिस्ट्रिक्ट म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) एका प्राथमिक शाळेत चौथीच्या मुलांनी केलेल्या प्रोजेक्टचं प्रदर्शन होतं. शाळेच्या आवारात पावसाचं पाणी कुठे तुंबतं आणि का, हा विषय. भिंतीभर नकाशे, मोजमापं, मातीचे थर दाखवणाऱ्या बरण्या. पालक खूश होते, प्रिन्सिपल खूश होत्या. एका तक्त्याशेजारी एक मुलगा गप्प उभा होता. मी विचारलं, "यातलं तू काय केलंस?" त्यानं मथळ्याच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे रंगवलं. बाकीचं मला माहीत नाही. मी त्या वेळी स्पीचला असतो."

दुसऱ्या दिवशी मी त्या शाळेचं मास्टर शेड्यूल मागवलं. वर्गात २६ मुलं. प्रोजेक्टचा तास रोज दुपारी सव्वा ते दोन. त्याच वेळात ७ मुलं वर्गाबाहेर: तीन स्पीच थेरपीला (उच्चार सुधारण्याच्या मदतीला), दोन इंग्रजी शिकायला, दोन वाचनाच्या जादा मदतीला. यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. सकाळ वाचन आणि गणितासाठी राखलेली, म्हणून प्रोजेक्ट दुपारी. वाचन आणि गणित बुडू नये म्हणून थेरपीही दुपारी. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागी बरोबर होता. पण ज्या मुलांना हातानं करून, बघून, बोलून शिकायची सर्वांत जास्त गरज, नेमकी तीच वर्षभर बाहेर राहिली. आणि हे माझ्याच देखरेखीखाली झालं होतं.

मी मिशिगनमधल्या सरकारी शाळांत २२ वर्षं काम करते आहे. पहिली १२ वर्षं सहावीला विज्ञान शिकवलं, आता डिस्ट्रिक्टच्या कचेरीत अभ्यासक्रमाचं काम बघते. आपली बरीच मराठी माणसं आता इथे शिक्षक आहेत, कुणी प्रिन्सिपल आहेत, काही स्कूल बोर्डावर निवडून आली आहेत, आणि पालक म्हणून डिस्ट्रिक्टच्या समित्यांवर बसणारे तर पुष्कळ. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अमेरिकेत साधारण १३,००० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत आणि बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडलेलं बोर्ड बजेट मंजूर करतं, सुपरिंटेंडंट म्हणजे डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी नेमतं. प्रोजेक्टमधून शिकणं कोणत्या मुलाच्या वाट्याला येणार, हे वर्गातल्या बाईंच्या हातात फार थोडं असतं. ते या वरच्या खोल्यांमध्ये ठरतं.

मिनिटांचा कागद

पहिलं काम हेच करा. प्रशिक्षण, पाहुणे वक्ते, घोषणा हे सगळं नंतर.

एक शाळा घ्या, एक इयत्ता घ्या. डावीकडे मुलांची यादी, वर आठवड्याचे पाच दिवस. प्रत्येक मुलासमोर त्या दिवशी ते प्रोजेक्टच्या तासाला प्रत्यक्ष वर्गात किती मिनिटं होतं, ते लिहा. शेड्यूल बघून भरू नका, कारण शेड्यूलवर सगळी मुलं वर्गातच असतात. वर्गशिक्षिकेबरोबर बसा आणि मागच्या आठवड्याचा एकेक दिवस आठवून भरा. कोण थेरपीला गेलं, कोण नर्सकडे, कुणाची बस रोज उशिरा येते, कुणाला दंगा केला म्हणून ऑफिसात पाठवलं. हे शेवटचं अवश्य विचारा. पहिल्या वर्षी आमच्या एका शाळेत दोन मुलांचा प्रोजेक्टमधला निम्मा वेळ ऑफिसबाहेरच्या बाकावर गेला होता.

मग त्या यादीवर खुणा करा: कुणाची आयईपी (खास गरजा असलेल्या मुलासाठी लिहिलेली वैयक्तिक शिक्षण योजना) आहे, कोण इंग्रजी शिकतं आहे, कुणाला वाचनाची जादा मदत आहे, कोण या वर्षातच शाळा बदलून आलं आहे. मिनिटं आणि खुणा शेजारी शेजारी आल्या की चित्र दिसतं. नावांचा कागद फक्त त्या मुलांना शिकवणाऱ्यांपुरता ठेवा. मुलांच्या नोंदी गुप्त ठेवण्याचा संघीय कायदा १९७४ पासून आहे आणि लहान वर्गात नाव गाळलं तरी मूल ओळखू येतं. बोर्डापुढे न्यायचं तर अनेक शाळांची बेरीज न्या.

त्यानंतरची बैठक स्पेशल एज्युकेशनच्या संचालकांशिवाय घेऊ नका. आम्ही पहिली घेतली ती त्यांच्याशिवाय, आणि दोन तास वाया गेले. आयईपी हा कायद्यानं बांधलेला दस्तऐवज आहे. त्यात सेवेची मिनिटं आणि ती कुठे द्यायची हे लिहिलेलं असतं. घड्याळातली वेळ बहुधा लिहिलेली नसते. म्हणजे स्पीच सव्वाऐवजी साडेदहाला नेणं हा पुष्कळदा नुसत्या शेड्यूलचा प्रश्न असतो. पण थेरपिस्टनं वेगळ्या खोलीऐवजी वर्गातच येऊन मुलाबरोबर बसावं असं तुम्हाला वाटत असेल, तर ठिकाण बदलतं, आणि तो निर्णय आयईपीच्या टीमचा आहे, ज्यात आई-वडील असतात. त्यांना विचारा. आमच्याकडे बहुतेक पालकांनी आनंदानं होकार दिला. मूल शक्यतो इतर मुलांबरोबरच शिकावं हे तत्त्व १९७५ च्या मूळ कायद्यापासूनचं आहे, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

स्पीच थेरपिस्ट गटात बसायला लागल्या तेव्हा जे झालं ते मला आधी सुचलंच नव्हतं. त्या मुलाला जे शब्द म्हणायला जड जात होते ते खोलीत चित्रांची कार्डं दाखवून म्हणून घेत असत. आता तो तेच उच्चार "उतार", "गाळ", "निचरा" यांसाठीच्या इंग्रजी शब्दांत करत होता, कारण गटातल्या मुलीला त्याचं मोजमाप हवं होतं आणि ती वाट बघत होती.

सगळ्यांत मोठा अडथळा सकाळच्या राखीव वेळाचा. मिशिगनमध्ये २०१६ च्या कायद्यानं तिसरीत वाचनात मागे असलेल्या मुलाला त्याच इयत्तेत ठेवण्याची तरतूद आणली. २०२३ मध्ये ती रद्द झाली, पण प्रिन्सिपलांच्या मनातली धास्ती गेलेली नाही. ही धास्ती खरी आहे, तिला नावं ठेवून काही मिळत नाही. आम्ही असं केलं: आठवड्यातले दोन दिवस वाचनाचा तास प्रोजेक्टच्या मजकुरावर घ्यायचा. मुलं वाचनच करतात, फक्त पाण्याबद्दल, मातीबद्दल, गावाच्या नकाशाबद्दल. वाचनाच्या मदतनीस बाईही त्याच मजकुरावर काम करतात. मग मदतीला गेलेलं मूल परत येतं तेव्हा त्याच्याकडे गटाला सांगण्यासारखं काहीतरी असतं.

सुरुवात कोणत्या शाळेत

सुपरिंटेंडंट म्हणतील, आधी हुशार मुलांच्या कार्यक्रमात करून बघू, जमलं की पसरवू. मी असं पसरलेलं अजून पाहिलेलं नाही. तिथे जमतं, फोटो येतात, आणि दोन वर्षांनी प्रोजेक्ट म्हणजे त्या मुलांची गोष्ट असं सगळ्यांच्या डोक्यात बसतं. सुरुवात अशा शाळेत करा जिथे बरीच मुलं कमी उत्पन्नामुळे मोफत जेवणाच्या यादीत आहेत आणि प्रिन्सिपल निदान तीन वर्षं तिथून हलणार नाहीत.

बोर्डावर कुणीतरी विचारेलच की अशा मुलांना हे झेपेल का. उत्तर जवळ ठेवा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिशिगनमधल्याच दोन अभ्यासांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटांची विभागणी करून तुलना केली होती. एकात तिसरीचं विज्ञान होतं. प्रोजेक्टमधून शिकलेल्या मुलांना विज्ञानाच्या चाचणीत सरासरी ८ टक्के गुण जास्त मिळाले, आणि वाचनात मागे असलेल्या मुलांनाही फायदा दिसला. दुसरा अभ्यास कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमधल्या शाळांत, दुसरीच्या वर्गांवर. तिथे सामाजिक शास्त्रांत आणि माहितीपर मजकुराच्या वाचनात मुलं पुढे गेली. लेखनात आणि शिकण्याच्या ओढीत मात्र फरक दिसला नाही. हेही बोर्डाला सांगा. अर्धी गोष्ट सांगून मिळवलेली मंजुरी पहिल्या वाईट निकालाला परत जाते.

त्या दुसऱ्या अभ्यासातली एक बाब नियोजनाच्या दृष्टीनं मला फार मोलाची वाटते. ज्या शिक्षकांनी पाठांचा आराखडा जास्त काटेकोर पाळला, त्यांच्या वर्गात लेखन आणि ओढ यांतही जास्त वाढ दिसली. म्हणजे "शिक्षकांना मोकळीक द्या, ते घडवतील" हे गोड वाटलं तरी पुरेसं नाही. प्रोजेक्टची कल्पना नवी नाही, कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या किलपॅट्रिक यांचा त्यावरचा गाजलेला निबंध १९१८ चा आहे. आणि तिच्यावरचा आक्षेपही जुना आहे: नवशिक्या मुलाला मोकळं सोडलं तर ते भरकटतं, ज्याला घरून आधीच बरंच माहीत असतं तेच तरतं. २००६ मध्ये कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी तो मुद्दा जोरात मांडला. मी त्या आक्षेपाच्या बाजूची आहे. म्हणून आमच्या आराखड्यात प्रोजेक्टच्या मधोमध सरळ शिकवण्याचे तास घातलेले आहेत: आज क्षेत्रफळ, उद्या नकाशाचं प्रमाण, परवा मुलाखतीचे प्रश्न कसे लिहायचे. मुलांना ते कशासाठी हवं आहे हे माहीत असतं, एवढाच फरक.

आणि प्रकरण संपल्यावर थर्माकोलचा ज्वालामुखी करून आणणं याला प्रोजेक्ट म्हणू नका. त्यात मूल नवीन काही शिकत नाही.

घरी काहीच पाठवायचं नाही

हा आमचा सर्वांत कडक नियम आहे आणि त्यावर सर्वांत जास्त वाद आपल्यासारख्या घरांनीच घातला. वडील इंजिनिअर, गॅरेजमध्ये ड्रिल आणि ग्लू गन, आई रात्री अकरापर्यंत शेजारी बसणारी. अशा घरातल्या मुलाचा तक्ता आणि दोन नोकऱ्या करणाऱ्या आईच्या मुलाचा तक्ता शेजारी टांगला, की मुलांना निकाल आधीच कळतो. त्या दिवशी दोघंही चुकीचं काहीतरी शिकतात.

सगळं सामान शाळेत, एका खोक्यात, प्रत्येक गटाला मोजून सारखं. सगळं काम शाळेच्या वेळात. घरी जायचा तर फक्त एक प्रश्न, घरातल्या कुणाशीही कोणत्याही भाषेत बोलून आणायचा. तोही न आणणाऱ्या मुलासाठी शाळेतली दोन मोठी माणसं ठरवून ठेवा. आमच्याकडे जेवणघरातल्या एक बाई आणि रात्रपाळीचे कस्टोडियन, म्हणजे शाळेची साफसफाई आणि देखभाल करणारे, स्वतःहून तयार झाले. गावाबद्दल त्या दोघांना जितकं माहीत होतं तितकं आम्हा कचेरीतल्या कुणालाच नव्हतं.

विषय निवडतानाही घर आठवा. वंशावळ काढा, लहानपणचा फोटो आणा, आपलं कुटुंब इथे कसं आलं ते लिहा, हे विषय निरागस दिसतात. फॉस्टर घरातल्या, म्हणजे आई-वडिलांपासून दूर दुसऱ्या कुटुंबात ठेवलेल्या मुलाकडे तो फोटो नसतो. कागदपत्रं नसलेल्या कुटुंबातलं मूल शाळेत यायला पूर्ण हक्कदार आहे, सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो खटल्यात हे सांगितलं आहे. पण "तुम्ही इथे कसे आलात" हे भिंतीवर लावायला सांगितलं की ते मूल त्या आठवड्यात आजारी पडतं. घर सुटलेल्या मुलांसाठी १९८७ च्या कायद्यामुळे प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये एक समन्वयक असतो. विषयांची यादी त्या व्यक्तीला दाखवूनच पक्की करा. आमच्या समन्वयक बाईंनी पहिल्याच यादीतले ११ पैकी ३ विषय काढायला लावले, आणि तिन्हींना माझी सही होती.

गटात हात कुणाचा, तोंड कुणाचं

मूल वर्गात आलं म्हणजे प्रोजेक्टमध्ये आलं असं नाही. स्टॅनफर्डच्या समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांनी गटकामाचा बरीच वर्षं अभ्यास केला. ज्याला वर्ग हुशार समजतो तो जास्त बोलतो, सामान त्याच्या हातात जातं, म्हणून तो जास्त शिकतो; ज्याला कमी समजतात तो गप्प बसतो आणि कमी शिकतो. चांगल्या शिक्षकाच्या वर्गातही हे आपोआप होतं.

प्रिन्सिपलांना आम्ही एक साधं काम देतो. एका गटाजवळ दहा मिनिटं बसा आणि तीनच गोष्टी लिहा: कोण बोललं, सामान कुणाच्या हातात होतं, लिहिलं कुणी. बाकी सगळं सोडून द्या. असे सहा कागद जमले की शिक्षिकेबरोबर बसा. रंगवणं, कापणं, चिकटवणं एकाच मुलाकडे पुन्हा पुन्हा जात असेल तर पुढच्या आठवड्यात मोजमाप त्याच्याकडे द्या. पण त्याआधी ते कसं करायचं हे त्याला एकट्याला शिकवा, म्हणजे गटात ते त्यालाच येत असेल. कोहेन यांचा दुसरा उपायही करून बघा: गप्प मुलानं खरोखर काही नेमकं केलं की शिक्षिकेनं ते सगळ्यांसमोर, नेमक्या शब्दांत सांगायचं. "छान" म्हणून भागत नाही. "हिनं पाणी दोनदा मोजलं म्हणून चूक सापडली" असं. खोटं कौतुक मुलांना लगेच कळतं.

भाषेबद्दल १९७४ चा लाऊ विरुद्ध निकल्स खटला मी प्रत्येक नव्या प्रिन्सिपलला सांगते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या इंग्रजी न येणाऱ्या चिनी मुलांचा तो खटला. सर्वांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागवलं असं होत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. आमच्याकडे अरबी, स्पॅनिश आणि बांगला बोलणारी मुलं बरीच आहेत. पहिली टिपणं ती घरच्या भाषेत काढतात. एका बांगला बोलणाऱ्या मुलीची वही बघताना तिची शिक्षिका मला म्हणाली, "मला हिच्यातलं काही वाचता येत नाही, पण आकृती पूर्ण बरोबर आहे." सहा आठवड्यांनी त्या मुलीनं इंग्रजीत चार वाक्यं सांगितली. आधी इंग्रजी मागितलं असतं तर ती आकृती निघाली नसती.

गुण देताना गटाच्या तक्त्याला एक आणि प्रत्येक मुलाच्या समजेला वेगळे, एवढं पाळा.

पैसा आणि माणसं

ज्या शाळांना याची गरज जास्त, तिथले शिक्षक लवकर बदलतात. म्हणून आराखडे, खोक्यांची यादी, मजकूर हे सगळं डिस्ट्रिक्टच्या ताब्यात ठेवा. बाई गेल्या तर प्रोजेक्ट जाऊ नये. टायटल वन हा १९६५ पासूनचा संघीय निधी गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांसाठी आहे, पण तो जादा मदतीसाठी असतो. जे खर्च तुम्ही एरवी स्थानिक पैशातून करणारच होता, ते त्यावर टाकता येत नाहीत. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी टायटल टू हा वेगळा संघीय निधी आहे. कोचचा, म्हणजे शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या व्यक्तीचा पगार तात्पुरत्या पैशातून देऊ नका. महासाथीच्या काळातला मोठा संघीय निधी बांधून टाकण्याची शेवटची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. आमच्या तीन कोचपैकी दोघी त्याबरोबर गेल्या आणि दोन शाळांतलं काम वर्षभर रेंगाळलं. शिक्षकांना एकत्र बसून आखणी करायला वेळ हवा असेल तर युनियनच्या करारात तो लिहून घ्या. तोंडी कबूल झालेला वेळ ऑक्टोबरपर्यंत टिकतो.

प्रश्न खरा असेल तर उत्तराची तयारी ठेवा

फ्लिंट शहरात २०१४ नंतर पाण्यात शिसं उतरलं, तेव्हापासून मिशिगनच्या मुलांना पाण्याबद्दल विचारायला वेगळं निमित्त लागत नाही. आमच्या पाचवीच्या वर्गानं आपल्या शाळेच्या नळांचा प्रश्न घेतला. इमारत जुनी, आणि पाण्याच्या नळकामात शिशावर बंदी आली ती १९८६ मध्ये. रात्रभर न वापरलेल्या नळाचं सकाळचं पहिलं पाव लिटर पाणी बाटलीत घ्यायचं, ही पद्धत मुलं शिकली. शिसं वर्गात मोजता येत नाही, म्हणून बाटल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवल्या. पाणी पिण्याच्या एका फवाऱ्याचा आकडा जास्त आला.

त्या दिवशी एका वरिष्ठांनी मला सांगितलं, तक्ते उतरवा. मी उतरवले नाहीत, पण दोन रात्री झोप लागली नाही. चूक आमच्या नियोजनातली होती: मुलांना प्रश्न विचारू दिला आणि उत्तर वाईट आलं तर काय करायचं हे कुणीच ठरवलं नव्हतं. आता विषय पक्का करण्याआधी आम्ही लिहून घेतो की वाईट उत्तर आलं तर कोण, किती दिवसांत, मुलांसमोर येऊन बोलेल. त्या वेळी शेवटी इमारत विभागाचे प्रमुख वर्गात आले, फवारा त्याच दिवशी बंद केल्याचं सांगितलं आणि फिल्टर बसवायची तारीख फळ्यावर लिहिली. पाचवीतल्या त्या मुलीनं, जिनं बाटल्यांवरची लेबलं लावली होती, हात वर करून विचारलं, "बालवाडीच्या बाजूचा पण बघणार का?" ते म्हणाले, बघतो. पुढच्या आठवड्यात तोही तपासला.

मिनिटांचा कागद आम्ही आता वर्षातून दोनदा भरतो, ऑक्टोबर आणि मार्चमध्ये, सगळ्या शाळांत. प्रदर्शनातल्या त्या शाळेत चौथीच्या वर्गातून सातऐवजी आता एकच मूल बाहेर असतं. त्याला ऐकायला कमी येतं, त्याची सेवा दुसऱ्या इमारतीत आहे आणि बस सव्वा वाजता सुटते. वाहतूक विभाग म्हणतो ती बस तीन शाळांची आहे, हलवता येणार नाही. मी त्या तिन्ही शाळांची शेड्यूलं मागवली आहेत. त्या मुलाच्या आईला आणि वाहतूकवाल्यांना गुरुवारी एकाच टेबलाशी बसवते आहे.